लॅपटॉपची स्क्रीन बदलता येते, पण कोणती घ्यावी?



लॅपटॉपची स्क्रीन तडकली किंवा तिच्यावर उभ्या रेघा आल्या, की बहुतेक घरांत तो लॅपटॉप संपला असेच धरले जाते. आतले सारे शाबूत असते, फायली असतात, कीबोर्ड चालतो. पण सर्व्हिस सेंटरमध्ये नेला की "वरचा अख्खा भाग बदलावा लागेल" असे सांगतात आणि खर्चाचा आकडा असा येतो की त्यात थोडी भर घालून नवाच घ्यावा असे वाटावे. आमच्या परिचयातल्या दोन घरांत हे झाले. तेव्हापासून आम्ही तिघे-चौघे निवृत्त मंडळी या विषयात डोके घालून बसलो आहोत. आम्ही अभियंते नाही. आकडे तपासायची आणि बारीक अक्षरातल्या अटी वाचायची सवय मात्र नोकरीने लावली, ती इथे उपयोगी पडली.

ज्यांनी बँकेत लेजर पोस्टिंग मशीनचा काळ पाहिला आहे त्यांना आठवत असेल की तेव्हाचा हिरव्या अक्षरांचा मॉनिटर मशीनपासून वेगळा असे. तो बिघडला तर तेवढाच काढून दुसरा लावत आणि दुपारपर्यंत काउंटर पुन्हा सुरू होई. लॅपटॉपने सगळे एका झाकणात बसवले आणि ती सोय गेली. गेल्या काही वर्षांत काही छोट्या कंपन्यांनी ती परत आणली आहे, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

कॅलिफोर्नियात निरव पटेल यांनी सुरू केलेल्या फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ साली १३.५ इंची लॅपटॉप काढला. त्याचा प्रत्येक भाग ग्राहकाला स्वतः बदलता येतो. स्क्रू ड्रायव्हर खोक्यातच येतो. भागांवर क्यूआर कोड छापलेले असतात, ते स्कॅन केले की तो भाग कसा काढायचा याची माहिती उघडते. स्क्रीनभोवतीची चौकट लोहचुंबकाने चिकटलेली असते, नखाने उचलली की निघते. आत मोजके स्क्रू आणि एक केबल. सवय नसलेल्या माणसालाही अर्ध्या तासात स्क्रीन बदलता यावी, अशी ही रचना आहे.

यातली खरी गंमत पुढच्या तीन वर्षांत झाली. पहिली स्क्रीन चकचकीत होती. रंग छान, पण मागची खिडकी आणि डोक्यावरची ट्यूबलाइट दोन्ही तिच्यात दिसत. लोकांनी तक्रारी केल्या. २०२३ च्या मॉडेलांबरोबर त्याच मापाची मॅट, म्हणजे न चकाकणारी स्क्रीन आली. २०२४ मध्ये तिसरी आली, आणखी बारीक ठिपक्यांची आणि सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी. पहिल्या दोन्ही ६० वेळा बदलत. महत्त्वाचे असे की या नव्या स्क्रीन जुन्या १३ इंची लॅपटॉपच्या झाकणातही बसतात. २०२१ साली घेतलेल्या माणसाला लॅपटॉप न बदलता फक्त स्क्रीन बदलता आली.

तिसऱ्या स्क्रीनचे कोपरे किंचित गोलाकार आहेत, पण लॅपटॉपची चौकट काटकोनी. त्यामुळे कोपऱ्यांत छोटे काळे त्रिकोण राहतात. कंपनीने कारण उघडपणे सांगितले: हे पॅनेल मुळात दुसऱ्याच एका ग्राहक कंपनीसाठी बनवलेले होते, आणि छोट्या कंपनीला स्वतःच्या मापाचे पॅनेल बनवून घेणे परवडत नाही. शिंप्याने दुसऱ्या कोणासाठी बेतलेला सदरा आपल्याला बरोबर बसावा, फक्त कॉलर तेवढी वेगळी असावी, तसे हे झाले. आम्हाला तो प्रामाणिकपणा आवडला. आणि त्यातून एक धडाही मिळाला: स्क्रीनचे पर्याय कंपनीच्या इच्छेवर कमी आणि कारखान्यात त्या मापाचे पॅनेल आधीच बनते की नाही यावर जास्त अवलंबून असतात.

आता आपल्या कामाचा मुद्दा, देवनागरी.

स्क्रीन कोणती घ्यायची हे सांगताना दुकानदार रंग, खेळ आणि सिनेमा यांबद्दल बोलतो. आपल्यापैकी बहुतेकांचे काम वाचनाचे आहे. दिवाळी अंकांच्या पीडीएफ, स्कॅन केलेली जुनी पुस्तके, बँकेचे पासबुक, नातवंडांचे मेल. रोमन अक्षरे बहुतेक एकाच पट्टीत बसतात. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय, एवढे सगळे त्याच उंचीत बसवावे लागते. 'सर्वांना' किंवा 'वर्षांत' हे शब्द पाहा. एकाच अक्षराच्या डोक्यावर रफारही आहे आणि अनुस्वारही. 'घर' आणि 'धर' यांत, किंवा 'भ' आणि 'म' यांत, मुख्य फरक शिरोरेषेतल्या छोट्याशा खंडाचा. स्क्रीनचे ठिपके मोठे असले की तो खंड बुजतो, रफार आणि अनुस्वार मिळून एक डाग होतो, आणि आपण म्हणतो की चष्म्याचा नंबर वाढला.

ठिपक्यांची दाटी मोजायचे माप म्हणजे एका इंचात किती ठिपके. १५.६ इंची स्वस्त लॅपटॉपवर १३६६ बाय ७६८ ठिपके असतात, म्हणजे इंचाला सुमारे १००. त्याच मापाची फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० ची स्क्रीन घेतली की हा आकडा १४१ होतो. फ्रेमवर्कची पहिली आणि मॅट स्क्रीन २२५६ बाय १५०४ ची, म्हणजे इंचाला २०१. तिसरी २८८० बाय १९२० ची, म्हणजे सुमारे २५६. आमचे मत असे की रोज मराठी वाचणाऱ्याने १०० ची स्क्रीन घेऊच नये. १४० च्या आसपास गेलात की जोडाक्षरे सुटी दिसू लागतात. २०० च्या पुढे छापील पानाची आठवण यावी इतका फरक पडतो.

दाटी वाढली की अक्षरे लहान होतात, म्हणून संगणकाला ती मोठी करून दाखवायला सांगावे लागते. इथेही एक खोच आहे. २०१ च्या स्क्रीनवर दीडपट करावे लागते, आणि एक ठिपका दीड ठिपक्यांत बरोबर मांडता येत नाही. मग काही प्रोग्रॅममध्ये, विशेषतः लिनक्सवर, कडा धूसर होतात. २५६ च्या स्क्रीनवर बरोबर दुप्पट करता येते आणि कडा स्वच्छ राहतात. विंडोजवाल्यांना हा त्रास फारसा जाणवत नाही.

उंचीचाही विचार करावा. इंचाचा आकडा हा कर्णाचा असतो, रुंदीचा नव्हे. १४ इंची सिनेमाछाप १६:९ स्क्रीनची उंची १७४ मिलिमीटर भरते. १३.५ इंची ३:२ स्क्रीनची १९०, म्हणजे १५.६ इंची मोठ्या लॅपटॉपच्या १९४ च्या जवळपास. पुस्तकाचे पान उभे असते, त्यामुळे कमी इंचांची पण उंच स्क्रीन वाचनाला सोयीची पडते. दुकानात इंच विचारून थांबू नये, रुंदी-उंचीचे गुणोत्तरही विचारावे.

मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या आमच्यातल्या दोघांना चकचकीत स्क्रीन अजिबात सोसत नाही. मॅट स्क्रीनवर अगदी बारीक दाणेदारपणा दिसतो, रंग थोडे फिके वाटतात. पण गॅलरीच्या दाराजवळ बसून वाचायचे असेल तर आमचे मत मॅटलाच आहे.

काहींनी विचारले की किंडलसारखी कागदी स्क्रीन लॅपटॉपला बसवता येईल का. हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. ई-इंकमध्ये अतिसूक्ष्म कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण. विजेने त्यांतले एक वर आणायचे, दुसरे खाली ढकलायचे. एकदा अक्षर उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, आणि उन्हात ते अधिकच स्वच्छ दिसते. पण कण हलायला वेळ लागतो. पान उलटताना मागच्या पानाची छाया राहते, माऊसचा बाण अडखळत चालतो, व्हिडिओ पाहण्याचे समाधान नाही. शिवाय लॅपटॉपचा मदरबोर्ड ज्या पद्धतीने स्क्रीनशी बोलतो ती ई-इंकला कळत नाही. मध्ये दुभाषी म्हणून वेगळा बोर्ड लागतो. मोडोस नावाच्या एका छोट्या गटाने असा बोर्ड बनवून त्याचा आराखडा सर्वांना खुला केला आहे. त्याने १३.३ इंची ई-इंक स्क्रीन सेकंदाला ७५ वेळांपर्यंत चालते. ई-इंकसाठी हा वेग फार मोठा आहे.

पण ती फ्रेमवर्कच्या झाकणात बसेल का? आम्ही कागदावर मांडून पाहिले. १३.३ इंच आणि ४:३ म्हणजे २७० बाय २०३ मिलिमीटर. मूळ स्क्रीन २८५ बाय १९०. रुंदीत जागा उरते, पण उंचीत १३ मिलिमीटर कमी पडतात. वर तो बोर्ड कुठे ठेवायचा हा प्रश्न वेगळाच. म्हणून आजच्या घडीला ई-इंक ही बाहेरून यूएसबी किंवा एचडीएमआयने जोडायची दुसरी स्क्रीन म्हणूनच बरी. महाग आहे, पण दिवसाचे सहा तास मजकूर वाचणाऱ्या किंवा प्रुफे तपासणाऱ्या माणसाने तिचा विचार करावा.

उन्हात वाचता येणाऱ्या स्क्रीनची मात्र एक जुनी गोष्ट आहे, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रात येतो. 'एका मुलामागे एक लॅपटॉप' ही अमेरिकेत सुरू झालेली योजना अनेकांना आठवत असेल. तिचा हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप २००७ साली आला, आणि भारतातला त्याचा पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्याशा शाळेत झाला. त्या लॅपटॉपची ७.५ इंची स्क्रीन मेरी लू जेप्सन यांनी घडवली होती. मागचा दिवा चालू असला की ती रंगीत दिसे. दिवा बंद करून उन्हात नेली की तीच कृष्णधवल होऊन कागदासारखी वाचता येई. १२०० बाय ९०० ठिपके, इंचाला २००. त्या काळच्या महागड्या लॅपटॉपनाही एवढी दाटी नव्हती, आणि ही मुलांसाठीची स्वस्त वस्तू होती! दिवा बंद असताना वीज फारच थोडी लागे, म्हणून जिथे विजेचा भरवसा नाही तिथे ती शोभून दिसे. हा लॅपटॉप मुलांना उघडून दुरुस्त करता यावा असा बेतला होता, आणि जास्तीचे स्क्रू त्याच्या आतच ठेवलेले असत.

पुढे जेप्सन यांनी २००८ मध्ये पिक्सेल क्यूआय नावाची कंपनी काढली. २०१० साली त्यांची १०.१ इंची स्क्रीन सुटी विकायला आली, आपल्या हाताने बसवून घ्या म्हणून. किंमत २७५ डॉलर. तिच्यासाठी सुचवलेले लॅपटॉप दोनच होते, सॅमसंगचा एन१३० आणि लेनोवोचा एस१०-२. नोशन इंक या भारतीय कंपनीच्या अ‍ॅडम या टॅब्लेटमध्येही ही स्क्रीन मिळत असे. कल्पना उत्तम, स्क्रीन उत्तम. तरी काही वर्षांत ती कंपनी बंद पडली. ज्यांनी ती स्क्रीन बसवून घेतली त्यांना तडा गेल्यावर दुसरी कुठून आणायची हा प्रश्न पडला असणार. लॅपटॉप दुरुस्तीजोगा असून भागत नाही. जो भाग आपण बसवतो तो उद्या दुसऱ्या कोणाकडूनही मिळायला हवा. म्हणूनच अनोखी स्क्रीन घेण्यापेक्षा, चारजण बनवतात अशी साधी, चांगली स्क्रीन घ्यावी, या मतावर आम्ही आलो.

बर्लिनच्या एमएनटी कंपनीचा रिफॉर्म नावाचा लॅपटॉप या बाबतीत वेगळा वाटला. त्याचे सगळे आराखडे खुले आहेत आणि स्क्रीन १२.५ इंची, साधी फुल एचडी. कंपनी उद्या राहिली नाही तरी जाणकार माणूस आराखडा पाहून दुसरे पॅनेल जोडू शकेल. लॅपटॉप जाडजूड आहे आणि सामान्य ग्राहकासाठी नाही, म्हणून त्यात अधिक शिरत नाही.

हे लॅपटॉप आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. परदेशातून मुले येताना आणतील तर गोष्ट वेगळी. पण यातले बरेचसे शहाणपण आपल्या घरातल्या साध्या लॅपटॉपलाही लागू पडते, कारण बहुतेक साध्या लॅपटॉपची स्क्रीनही बदलता येते. सिकंदराबादच्या पार्कलेनला, सीटीसीच्या दुकानांत हे काम रोज चालते. तिथे जाण्यापूर्वी पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

प्रत्येक पॅनेलच्या पाठीवर एक लेबल असते, त्यावर त्याचा क्रमांक. लॅपटॉपचे मॉडेल सांगून पॅनेल मागवू नये, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन प्रकारची पॅनेले घालते. दुकानदाराला झाकण उघडायला लावून लेबलाचा फोटो घ्यावा आणि त्या क्रमांकावरून पॅनेल ठरवावे. त्यानंतर जोडणीच्या पिना मोजाव्यात. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक साध्या लॅपटॉपना ३० पिनांची ईडीपी जोडणी असते. टचस्क्रीन, ४के किंवा जास्त वेगाच्या पॅनेलना ४० पिना. त्याहून जुन्या लॅपटॉपमध्ये एलव्हीडीएस नावाची निराळी पद्धत होती, आणि तिच्याही पिना ४०. केवळ पिना जुळल्या म्हणून लावू नये, पद्धत वेगळी निघाली तर पॅनेल किंवा मदरबोर्ड जळू शकतो.

तिसरी बाब मापाची. १५.६ इंची पॅनेले दोन प्रकारची येतात. एकाला स्क्रूसाठी कान असतात आणि रुंदी साधारण ३६० मिलिमीटर, दुसरे बिनकानांचे, साधारण ३५०. इंच तेच, पण एकाच्या जागी दुसरे नीट बसत नाही.

१०० च्या दाटीची स्क्रीन काढून १४१ ची लावता येते का, हा आम्हाला सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न. बहुधा येते. जोडणी दोन्हींची ३० पिनांची असते. अडचण केबलची. कमी दाटीच्या स्क्रीनला माहितीची एक वाट पुरते, फुल एचडीला दोन लागतात, आणि काही कंपन्या काटकसर म्हणून केबलमध्ये एकाच वाटेच्या तारा घालतात. अशा वेळी केबलही बदलावी लागते. ती त्या मॉडेलची मिळते का हे आधी विचारावे, पॅनेलचे पैसे देण्याआधी. आणि पॅनेल आयपीएस प्रकारचे आहे ना, हे पाहून घ्यावे. जुन्या टीएन प्रकारात मान जरा हलवली की अक्षरे फिकी होतात, दोघांनी मिळून एका स्क्रीनवर वाचणे अशक्य.

बसवताना बॅटरीची जोडणी सोडवायला सांगावे. केबलमधून दिव्याला वीज जाते, चालू स्थितीत ओढली तर नुकसान होते. पॅनेल बसवल्यावर पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन दाखवायला लावावी, मेलेला ठिपका लगेच दिसतो. पक्के बिल घ्यावे, त्यावर पॅनेलचा क्रमांक लिहून घ्यावा.

खर्च करायचाच नसेल तर सर्वांत स्वस्त पर्याय घरातच असतो. एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडावा. फक्त ३२ इंची साध्या टीव्हीवर बहुधा १३६६ बाय ७६८ च ठिपके असतात, म्हणजे इंचाला ४९. सहा-सात फुटांवरून कीर्तन, नाटक छान दिसते, जवळ बसून मजकूर वाचायला मात्र डोळ्यांचे हाल. त्यापेक्षा २२-२४ इंची फुल एचडी मॉनिटर बरा. टीव्हीवर कडेचा मजकूर कापला जात असेल तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये पूर्ण चित्र दाखवण्याचा पर्याय शोधावा.

काढलेली चांगली स्क्रीनही टाकू नये. तिच्या क्रमांकाला जुळणारा छोटा कंट्रोलर बोर्ड ऑनलाइन मिळतो, तो लावला की ती स्वतंत्र मॉनिटर होते. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर तो किती दुरुस्तीजोगा आहे याचे गुण छापावे लागतात. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यावर कंपन्यांच्या दुरुस्तीविषयक माहितीचे दुवे आहेत. लॅपटॉप घेण्याआधी एकदा पाहून ठेवायला हरकत नाही.

आता मंडळाचा विषय. वाचनालयाच्या कपाटात सभासदांनी दिलेले पाच जुने लॅपटॉप पडून आहेत, आणि येत्या कार्यकारिणीत ते भंगारात काढण्याचा ठराव येणार आहे. आम्ही पाचही उघडून पाहिले. दोघांचे मदरबोर्ड गेलेले आहेत, ते ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे द्यावेत. उरलेल्या तिघांचे फक्त पॅनेल गेले आहे. तिन्हींची जोडणी ३० पिनांची ईडीपी, दोघांच्या केबलमध्ये दोन्ही वाटांच्या तारा आहेत. या दोघांना फुल एचडी मॅट आयपीएस पॅनेल बसवावे आणि ते वाचनालयात स्कॅन केलेली पुस्तके वाचण्यासाठी ठेवावेत, असा आमचा प्रस्ताव आहे. तिसऱ्याला पॅनेल न घेता कार्यालयातल्या पडून असलेल्या मॉनिटरला जोडावे.

तिन्हींचे पॅनेल क्रमांक, मापे आणि सीटीसीतल्या तीन दुकानांची लेखी कोटेशने वाचनालयाच्या नोंदवहीत लावून ठेवली आहेत. ठरावावर मत देण्याआधी सभासदांनी ती जरूर पाहावीत. ज्यांच्या घरी असा बंद लॅपटॉप असेल त्यांनी तो कोणत्याही रविवारी सकाळी वाचनालयात आणावा. चार्जर बरोबर आणायला विसरू नये.